विहिरीची सात भोकं

विहिरीची भोकं मी बुजवली, हे आधीच लिहून टाकते. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. ते सोडून बाकीचं लिहायचं तर वही कोरी होती तीच बरी.

आमची वस्ती येवल्यापासून आत, कांद्याच्या रानात. आठ घरं आणि एक विहीर. नळ आहे, पण त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि येतं तेव्हा आम्ही सगळे रानात असतो. विहीर जुनी, काळ्या दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीत हात जाईल एवढी सात भोकं होती आणि त्यांत पारवे राहायचे. त्यांची घाण पाण्यात पडायची. बाया घागर भरताना नाक मुरडायच्या.

तीन वर्षांमागे आमचा संडास बांधला तेव्हा घमेलंभर सिमेंट उरलं. उन्हाळा होता, पाणी तळाला गेलं होतं. दुपारी सगळे झोपले असताना मी पायऱ्या उतरले, भोकांत अंडी-पिल्लं नाहीत ना ते बघितलं आणि सातही भोकं लिंपून टाकली. हाताने दाबून दाबून. काम छान झालं असं वाटलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण मी कुणाला काहीच सांगत नाही. आमच्या घरात पाहुणे आले तर त्यांना माझा आवाज माहीत नसतो, फक्त चहा माहीत असतो.

गेल्या पावसाळ्यात त्याच भिंतीला पोट सुटलं आणि एक दिवस बैलगाडीएवढा तुकडा आत कोसळला. सगळे म्हणाले, जुनं बांधकाम, कधीतरी जायचंच. मी गप्प.

माझे दीर सुदामभाऊजी मात्र कधी गप्प नसतात. वस्तीवरचं कुठलंही काम असो, ते आपलंच समजून पुढे होतात आणि मग ते काम दुप्पट होतं. त्यांनी ठरवलं की दगड काढून फेकायचे आणि सिमेंटची रिंग टाकायची. पोकलेनवाल्याला सोमवारचा वायदा दिला. पलीकडच्या वस्तीने अशीच रिंग टाकली. बाजूचे पाझर बंद झाले, आणि आता ते लोक टँकरचं पाणी आणून स्वतःच्याच विहिरीत ओततात. हे भाऊजींनाही माहीत आहे. ते म्हणतात, "त्यांची रिंग वेगळी व्हती."

मी लग्न होऊन आले त्या साली विहिरीची दुसरी बाजू दुरुस्त करायला त्र्यंबकेश्वराकडून एक पाथरवट आला होता. काशिनाथबाबा. अकरा दिवस आमच्या ओट्यावर राहिला. मी भाकरी वाढत होते तेव्हा तो सासऱ्यांना म्हणाला होता, "मालक, ती भोकं पारव्यांसाठी नाय. भिंतीमागचं पाणी निघायला हायेत. पारवे फुकटचे भाडेकरू." मी ऐकलं होतं. पंचवीस वर्षांत विसरले. भिंत पडली त्या दिवशी एकेक शब्द आठवला.

म्हणून मी यांना म्हटलं, त्या माणसाला शोधू. (नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, वहीतही घेत नाही.) हे म्हणाले, "सोमवारच्या आत मिळाला तर बघू. पण कांदा काढायला आलाय, मी नाही जाणार. सुदामबरोबर तू जा." कारण त्या माणसाला तोंडाने ओळखणारी घरात मीच उरले होते. सासरे गेले, हे तेव्हा ट्रकवर असायचे, भाऊजी बोर्डिंगात.

गुरुवार ते रविवार. चार दिवसांत माणूस शोधायचा, तोही भाऊजींबरोबर.

गुरुवार, नाशिक

यष्टीत बसताच भाऊजींनी कंडक्टरला मोठ्याने सांगितलं, "एक फुल, एक हाफ. वहिनींना म्हणूनच आणलंय, बायांना निम्मं तिकीट हाय." आख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी येवल्यापासून निफाडपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

मला वाटलं होतं आपण नाशिकला उतरून सरळ त्र्यंबकची गाडी धरू. भाऊजी म्हणाले, "म्हातारा असंल का नसंल, कुणी सांगावं? आधी नाशकात बघू. हितं माझ्या वळखी हायेत." मी म्हणायला हवं होतं की नको. म्हटलं नाही. तो दिवस त्यातच गेला.

पहिली ओळख महामार्गाच्या कडेला निघाली. एक मोठं दुकान. बाहेर दगडाचे सिंह, दगडाचे कारंजे, आणि आत दगडाच्या फरश्या, पापडासारख्या पातळ. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. तो म्हणाला, "काका, आता दगड रचत नाही कुणी, चिकटवतात. मागे विटा, वर हा. बघा, जुन्या किल्ल्यासारखा लूक येतो."

भाऊजींनी फरशीवर हात फिरवला. "वहिनी, विहिरीला असं केलं तर?"

पाण्याच्या विहिरीला पापड चिकटवायचे! मी पदर तोंडाला लावला. भाऊजींना वाटलं मला आवडलं. त्यांनी नमुन्याचा तुकडा पिशवीत घेतला आणि चार दिवस तो मी वागवला.

दुपारी मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळ म्हणजे मटकी आणि तर्री, पाव मागाल तितके, संपलं. इथे ताटात पापड, दही, कांदा, लिंबू आणि वर एक जिलेबीचं वेटोळं. रस्सा काळा आणि झणझणीत. मिसळ खरंच चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा भाऊजींनी पोऱ्याला हाक मारून सांगितलं, "आमच्या वहिनी रडायला लागल्या, दही आण!" पुन्हा सगळे बघायला लागले.

नंतर गोदावरीवर गेलो. सिंहस्थ जवळ आल्यामुळे घाटांवर दगडाची कामं चालली होती. मला वाटलं इथे तरी टाकी-हातोड्याचा, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीचा आवाज येईल, पण सगळीकडे कटरचा कर्कश आवाज आणि पांढरी धूळ. फक्त एका पायरीवर एक जण टाकी घेऊन कड मारत बसला होता. मी त्याच्याजवळ थांबले. टाकी पाव बोट पुढे सरकायची, मग ठोका, मग फुंकर. माझ्या डोळ्यांसमोर आमचा ओटा आला. मला त्याला काशिनाथबाबांविषयी विचारायचं होतं. तेवढ्यात भाऊजी मुकादमाला घेऊन आले आणि मुकादम म्हणाला, "सगळी माणसं घाटावर गुंतल्यात. विहिरीला कोण येतं? रिंग टाका, दोन दिवसांत मोकळे." भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, हेच म्हणत व्हतो."

मुक्काम भाऊजींच्या मेहुण्याकडे, एका कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर. माणसं चांगली, शिकलेली, मला पाटावर नाही तर सोफ्यावर बसवलं. पण टीव्हीच्या मागे त्यांनी दगडी भिंतीचं चित्र असलेला कागद चिकटवला होता. सांधे, चिरा, कोपऱ्यात शेवाळ, सगळं छापलेलं. दिवसभर दगडी भिंत शोधली आणि ती कागदावर सापडली. मी जेवताना तिच्याकडे पाठ करून बसले.

शुक्रवार, त्र्यंबकेश्वर

सकाळी त्र्यंबकला पोचलो. डोंगर अगदी गावावर वाकलेले. आमच्याकडे नजर जाईल तिथपर्यंत सपाट रान, त्यामुळे मला इथे कुणीतरी डोक्यावर उभं असल्यासारखं वाटत राहिलं. हवा मात्र गार.

उतरल्या उतरल्या मी हिंमत करून म्हटलं, "भाऊजी, आधी त्यांचं घर विचारू."

"वहिनी, देवाच्या दारात येऊन आधी माणसाकडं जायचं? पाप लागंल. अर्ध्या तासाचं काम हाय."

रांग मंदिराला वळसा घालून बाहेर आलेली. दीड तासात आम्ही सावलीतून उन्हात आलो, एवढीच प्रगती. भाऊजींनी पुढच्या नगरच्या कुटुंबाशी आणि मागच्या गुजराती मंडळींशी दोस्ती केली, दोघांनाही आमच्या विहिरीची गोष्ट सांगितली. दोघांनीही सांगितलं, रिंग टाका.

मी रांगेत उभी राहून देवळाचे दगड बघत होते. चिऱ्याला चिरा असा बसलेला की मध्ये नख जात नाही. आणि तेव्हा मला एक साधी गोष्ट सुचली. दगड फोडणाऱ्याची टाकी दोन-तीन दिवसांत बोथट होते. काशिनाथबाबा आमच्याकडे होते तेव्हा दर तीन दिवसांनी टाक्यांचं गाठोडं घेऊन येवल्याला लोहाराकडे जायचे आणि परत येऊन त्या लोहाराला शिव्या घालायचे, की याला पाणी देता येत नाही. तापलेली टाकी पाण्यात केव्हा आणि किती बुडवायची, त्यालाच ते पाणी देणं म्हणायचे. पाथरवट शोधायचा तर दुकानदाराला आणि मुकादमाला कशाला विचारायचं? लोहाराला विचारायचं. एवढी साधी गोष्ट मला गुरुवारी सुचली नाही म्हणून स्वतःचाच राग आला.

भाऊजींना सांगितलं असतं तर ते सगळ्या रांगेला घेऊन लोहाराकडे निघाले असते. मी म्हटलं, "जरा जाऊन येते." बाईमाणसाने असं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. मी रांगेतून निघाले.

परक्या गावात एकटी मी कधी चालले नव्हते. दोनदा विचारायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा प्रसादाचे पेढे विकत घेऊन पुढे गेले. शेवटी विचारावं लागलंच नाही. एका गल्लीच्या टोकाला ऐरणीचा आवाज आला आणि मी त्या आवाजामागे गेले.

पत्र्याच्या आडोशाला एक बाई घण मारत होती. माझ्याच वयाची, साडीचा काष्टा मारलेला. तिचा नवरा सांडशीत लोखंड धरून बसला होता. बाई बघून मला धीर आला. मी म्हटलं, "काशिनाथबाबा पाथरवट ठाऊक आहेत का?"

"कोण तुम्ही त्यांच्या?"

"कोणी नाही. त्यांना भाकरी वाढली आहे."

ती हसली. घण खाली टेकवला. "म्हातारा लय खवीस हाय, पण हाय. पोरीकडं राहातो आता, दिंडोरीकडं. त्या दारूच्या द्राक्षाच्या मळ्यात भिंतीचं काम चाललंय."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"अवो, तिकडं लोहार नायेत का? हायेत. पण म्हाताऱ्याला दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी चालत नाय. जावई दर पंधरवड्याला गोणीभर टाक्या घेऊन हितं येतो. परवाच येऊन गेला." तिने नवऱ्याकडे हनुवटीने दाखवलं. "ह्यांच्या हातचं पाणी. मला तर ह्यांच्या हातचा चहासुद्धा मिळत नाय."

नवऱ्याचे कान लाल झाले. मी तिला पेढ्यांचे दोन्ही पुडे दिले. तिने मळ्याचा पत्ता नीट समजावून सांगितला.

मी परत आले तेव्हा भाऊजी दर्शन करून बाहेर आले होते आणि माझ्या नावाने हाका मारत होते. "कुठं व्हता वहिनी? दादाला काय तोंड दाखवलं असतं मी?" मी पत्ता सांगितला. त्यांनी डोळे मिटून मंदिराकडे हात जोडले. "बघा! तीन तास रांगेत हुबा राहिलो, देवानं वाट दाखवली का नाय?"

मी ते गिळून घेतलं. रात्री मुक्कामाला धर्मशाळेत वरण गोड होतं. तेही खाल्लं.

शनिवार, दिंडोरी

द्राक्षाचे मळे मी आधी पाहिले नव्हते. आमच्याकडे पीक जमिनीत असतं, वाकून काढावं लागतं. इथे पीक डोक्यावर, तारांवर. पण आम्ही गेलो तेव्हा द्राक्षं निघून गेली होती आणि खरड छाटणी चालली होती. बाया रांगेने काड्या छाटत होत्या, खाली काड्यांचा खच. नुसत्या खोडांच्या ओळीच ओळी.

मळ्याच्या फाटकावर रखवालदाराने विचारलं, कशासाठी आलात. मी पाथरवटाचं नाव घ्यायच्या आत भाऊजी म्हणाले, "टेस्टिंगला." त्याने आत सोडलं, पण चुकीच्या दाराने. एका गार खोलीत एका पोरीने भाऊजींच्या हातात काचेचा पेला दिला. भाऊजींनी वास घेतला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ताक बिघडलंय का काय?" मला मात्र जमिनीत गडप व्हावं आणि वर पिशवीतल्या त्या पापडी दगडाचं झाकण घालावं असं झालं.

काशिनाथबाबा मागच्या बाजूला होते. छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत. पार वाळलेले, पण आवाज तोच. जावई आणि दोन गडी भिंत बांधत होते आणि बाबा त्यांच्यावर ओरडत होते. भिंत चांगली उभी राहिली होती, मग मधेच खाली आलेली, वरचे चार दगड निसटल्यासारखे तिरके.

भाऊजी म्हणाले, "बाबा, ही बी पडली वाटतं?"

"पडली नाय, पाडली!" बाबा कडाडले. "साहेबाला पडकी भिंत पायजे. लोक फोटू काढत्यात तिच्यापुढं. साठ वर्षं भिंत पडू नये म्हणून हातोडा मारला, आता पडल्यासारखी दिसावी म्हणून मारतो. पडकी दिसायला लय मेहनत लागती, सांगून ठेवतो. आतून सिमेंट हाय, तोफ लावली तरी हलायची नाय."

मी पुढे होऊन पाया पडले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी येवल्याजवळची वस्ती, सासऱ्यांचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "त्या घरची सून? भाकरी पातळ करायचीस तू."

मला एवढं बरं वाटलं. पण तेवढ्यात भाऊजींनी गोष्ट सांगायला घेतली.

बाबांनी विचारलं, "भिंत फुगली ती वरून का कंबरंतून?"

"वरून," भाऊजी म्हणाले.

कंबरेतून फुगली होती. दोन महिने रोज बघत होते मी.

"पडली ती पाऊस चालू असताना का उघडल्यावर?"

"पावसातच. धो धो पाऊस व्हता बाबा, काय सांगू."

उघडून चार दिवस झाले होते. कडक ऊन होतं. आम्ही बाजरी वाळत घातली होती.

"मग ती वरच्या मातीनं गेली. अशी भिंत म्या लांबून सांगून दुरुस्त व्हत नाय आणि माझ्यानं आता यष्टीत बसवत नाय," बाबा म्हणाले. "रिंग टाका."

तीन दिवसांतली ही चौथी रिंग. ती त्यांच्या तोंडून ऐकली आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही जरा गप्प बसा."

आजपर्यंत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. भाऊजी गप्प बसले. गडीसुद्धा थांबले. मी खाली बघूनच सांगितलं, की भिंत कंबरेतून फुगली, ऊन पडल्यावर चौथ्या दिवशी पडली, आणि पडली तेव्हा मागून गाळाचं पाणी आलं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मागं पाणी कोंडलं म्हणजे. भोकं ठिवली व्हती तिथं."

"बुजली ती."

"बुजली का बुजवली?"

"बुजवली."

"कुणी?"

तिथे माझं तोंड मिटलं. चांगलं उघडलेलं तोंड मिटलं. भाऊजी माझ्याकडे बघत होते. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणाले, "बसवत नसलं तरी उद्या यष्टीनं येतो. पण माझी एक रीत हाय, माझ्या बापाची बी तीच व्हती. ज्यानं भिंतीचं वाकडं केलं, त्यानं पहिला घाव आपल्या हातानं घालायचा, सगळ्यांसमोर. नायतर आज म्या दुरुस्त करीन आणि उद्या तो पुन्हा बुजवील. तो माणूस समोर आला नाय, तर म्या चहा पिऊन परत येईन."

दुपारी त्यांच्या मुलीने जेवू घातलं. नागलीची काळसर भाकरी आणि उडदाची आमटी. आमच्या बाजरीपेक्षा नागली मऊ, पण घशात जरा रेंगाळते. मी तुकडे मोडत बसले. डोक्यात ती रीत बसली होती.

परतीच्या गाडीत मी भाऊजींच्या बोलण्याची वाट बघत होते. ते बोलले नाहीत. नाशिक आलं तरी नाही. हे त्यांच्या बोलण्यापेक्षा वाईट निघालं.

रविवार, वस्ती

आम्ही नाशकात मुक्काम करून पहाटेच्या गाडीने आलो, बाबा आणि त्यांचा जावई दुपारच्या. आठही घरं विहिरीवर जमली होती. कांदा काढणं सोडून हेसुद्धा आले. जावयाने बाबांना हाताला धरून पायऱ्यांवरून खाली नेलं. बाबांनी पडलेल्या भागाकडे फार बघितलंच नाही. उरलेल्या भिंतीवरून तळहात फिरवत गेले आणि पहिल्या बुजलेल्या भोकापाशी थांबले. हातोडीने ठोकलं. बद्द आवाज आला.

"हे कुणाचं काम?" त्यांनी वर बघून विचारलं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिसऱ्या पायरीवर उभी होते. आता बोलायचं, असं ठरवून श्वास घेतला, आणि तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"मी बुजवली."

सुदामभाऊजी! ते माझ्या अंगावरून खाली उतरले. "पारवे लय घाण करायचे. म्हणून मीच बुजवली. आणा हातोडी."

मला रडावं की ओरडावं ते कळेना. वस्तीवरचा नळ भाऊजींनी आणला, रस्ता भाऊजींनी आणला, देवानं वाट दाखवली तीही त्यांनाच. माझी म्हणून एक चूक होती, तीही त्यांनी घेतली. आणि मला वाचवायला घेतली हेही समजत होतं, म्हणून जास्तच चिडचिड झाली. त्या माणसावर धड रागवतासुद्धा येत नाही.

भाऊजींनी टाकी लावली, पहिला घाव अंगठ्यावर घातला, दुसरा भिंतीवर. पाच-सहा घावांत सिमेंटचं बूच सुटून बाबांच्या हातात आलं. बाबांनी ते उलटसुलट केलं. त्यावर मी दाबलेल्या बोटांचे ठसे होते, बारीक, चारी बोटांचे. आणि खाली मनगट टेकलं होतं तिथे दोन बांगड्यांच्या गोल रेघा.

बाबांनी भाऊजींच्या जाड हाताकडे बघितलं, मग बुचाकडे. "सुदामराव, बांगड्या कधीपासून घालता?"

सगळी विहीर हसली. दगडी विहिरीत हसणं घुमतं, ते बराच वेळ थांबत नाही. भाऊजी लाल झाले आणि त्यांनी ठेचलेला अंगठा तोंडात घातला.

मी खाली उतरले. "त्या बांगड्या माझ्या," मी म्हटलं. आवाज घुमला, त्यामुळे मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ मोठा झाला. "सातही मी बुजवली. भोकं कशासाठी ते पंचवीस वर्षांमागे बाबांच्या तोंडून ऐकूनही बुजवली. भिंत माझ्यामुळे पडली."

हसणं थांबलं. मी वर बघितलं नाही, त्यामुळे कुणाचं तोंड कसं झालं ते मला माहीत नाही. बाबांनी भाऊजींच्या हातातली टाकी काढून माझ्या हातात दिली. "तिरकी धर. अंगठा आत."

दुसरं बूच निघालं, मागे नुसती माती. तिसरं निघालं. चौथ्याला मी टाकी लावली आणि बूच आपणच सैल झालं, मागून चिखल आला आणि चिखलामागून करंगळीएवढी धार. वरच्या रानात गुरांच्या घासाला आदल्या दिवशी पाणी दिलं होतं, तेच तीन वर्षांच्या सवयीने भिंतीमागे येऊन थांबलं होतं. धार माझ्या साडीवर, पायरीवर आणि मग विहिरीत पडायला लागली. माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, वरून ओरडली, "बाई गं, उरलेली बी फोडा पटापटा, आमचा संसार पडायच्या आत!" तेवढं एकच बोलणं मला ऐकावं लागलं. हे म्हणाले, "बाबांच्या चहाचं बघ."

भाऊजींनी तिथूनच पोकलेनवाल्याला फोन केला की उद्या येऊ नको.

बाबांनी खाटेवर बसून तीन आठवडे काम करून घेतलं. पडलेले दगड यारीने, म्हणजे दोराच्या उचलयंत्राने, वर काढले, तेच परत बसवले, नवा एकही आणला नाही. भोकं सातच ठेवली. काम संपायच्या आधीच पारवे परत आले. चौथ्या भोकात आता अंडी आहेत. बाया पुन्हा नाक मुरडतात, फक्त आता आधी माझ्याकडे बघून मुरडतात. मी घागरीच्या तोंडाला फडकं बांधते आणि पाणी भरते.

ते पहिलं बूच मी पायरीखाली टाकून दिलं होतं. भाऊजींनी ते शोधून काढलं, धुतलं आणि त्यांच्या शोकेसमध्ये टीव्हीच्या शेजारी ठेवलं. तिथे तो पापडी दगडाचा तुकडाही आहे. पाहुणे आले की आधी तुकडा दाखवतात, "हे नाशिकला बघितलं, आम्हाला पटलं नाय." मग बूच दाखवतात, "आणि हा आमच्या वहिनींचा हात." मग मला हाक मारतात. मी चहा घेऊन बाहेर येते, आणि पाहुणे कपाकडे बघत नाहीत, माझ्या बांगड्यांकडे बघतात.